वाऱ्याच्या नदीसाठी सहा नंबर

महबूला, कुवेत
शुक्रवार, ७ एप्रिल २०००

चि. कुसुम,

आधी तक्रार. ती गंभीर स्वरूपाची आहे, तेव्हा बसून वाच.

परवा दुपारी शर्क भागातल्या आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात कॅनडाहून एक फॅक्स आला. टाइप केलेला, इंग्रजीतला. वर 'डिअर सर', खाली 'युअर्स फेथफुली', मधे सात ओळी. ज्या भावाने तुला नीट चालता येण्याआधी देव शब्द चालवायला शिकवलं, त्याला तू 'सर' म्हणतेस? 'अण्णा' या शब्दावर कॅनडा सरकारने कर बसवला आहे काय? आणि ती सही! शाईत पडलेलं झुरळ जीव वाचवत कागदावरून गेलं की अशी उमटते. तुझ्या अक्षरासाठी आप्पांनी कित्त्याच्या वह्या आणल्या, बोरू तासून दिले, त्याचं हे फळ. मी हे प्रकरण वरच्या कोर्टात नेणार होतो, पण वरच्या कोर्टात आप्पाच बसलेत, आणि त्यांनी निकाल कायम तुझ्याच बाजूने दिला.

आता तक्रार बाजूला ठेवतो. १९८९च्या मे महिन्यानंतर तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद. अकरा वर्षं. दर दिवाळीला मी एक पत्र टाकत गेलो, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. कारण तुला ठाऊक आहे, मलाही: आईच्या नावाने तुला आलेली ती दोन पत्रं. तो विषय आज नको.

फॅक्स हातात घेऊन मी काउंटरपाशी उभाच राहिलो. आमचा हमीद दाभोळचा. माझ्याबरोबर दुकान सांभाळतो, महबूलात माझ्याच वरच्या मजल्यावर राहतो आणि मला भटजी म्हणतो. तो म्हणाला, "काय वो भटजी, कोन गेलं काय घरातलं?"

मी म्हटलं, "नाही. आलंय."

मग मजकूर वाचला आणि पुन्हा उभा राहिलो. ऑगस्टमध्ये ट्राउट माशांच्या नदीवर जायचं आहे, नदीवर सतत वारा असतो, फ्लाय फिशिंगसाठी काठी, रील आणि दोरी कोणती घ्यावी, वापरणारी नवशिकी स्त्री. ही तू? शेजारच्या घरी सुके बोंबील भाजले की आपल्याकडच्या खिडक्या लावत पळणारी? आईने तुझ्या आजारात कॉड माशाच्या तेलाची बाटली आणली तेव्हा तू ती तुळशीत ओतलीस आणि तुळस गेली. प्राचीला फोन केला. तुला माझ्या दुकानाचा नंबर तिनेच दिला, हे आपल्या या आतेबहिणीने दुसऱ्या मिनिटाला कबूल केलं. 'तिने का मागितला ते विचारू नको,' एवढं मात्र तीनदा म्हणाली.

शास्त्रात ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात: अधिकारी कोण, विषय काय, संबंध काय, प्रयोजन काय. तुझ्या ग्रंथात विषय आहे. बाकी तिन्ही गायब. कॅलगरीत अशी दुकानं गल्लोगल्ली असतील. तू विचारलंस कुवेतला, ज्या देशात नकाशावर शोधूनही एक नदी सापडत नाही. इथले लोक मासे धरतात ते समुद्रात, जाड गळाने. आमच्या मालकांनी आठ वर्षांपूर्वी कॅटलॉग उलटा चाळून नदीच्या काठ्या चार डझन मागवल्या. त्यांतल्या एकेचाळीस अजून अर्दियाच्या गोडाउनमध्ये माझ्या ताब्यात आहेत. करमत नाही म्हणून मी त्यांच्याबद्दल छापलेलं सगळं वाचलं. संस्कृतचा एम.ए. माणूस या विषयात आखाताचा एकमेव पंडित झाला, आणि एकाही माशाला त्याचा त्रास नाही.

तर उत्तर. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढून नेतं. इथे उलटं. माशी म्हणजे हुकाला बांधलेलं पीस, तिला वजनच नाही. वजन असतं दोरीला, आणि काठीचा नंबर म्हणजे त्या दोरीचं वजन. पुस्तकं ट्राउटला चार किंवा पाच नंबर सांगतात. पण ती पुस्तकं वारा नसलेल्या देशात लिहिलेली. वाऱ्यात हलकी दोरी वाळत घातलेल्या धोतरासारखी माघारी येते. तू सहा नंबर घे, नऊ फुटी, जरा ताठ. दोरी पुढच्या टोकाला जाड असलेली. तिच्या पुढे जो निमुळता पारदर्शक धागा बांधतात, लीडर, तो नऊ फुटी नको, साडेसात पुरे.

एक राहिलं. उजव्या हाताने टाकणार की डाव्या? वारा कुठल्या बाजूचा? ते कळव. नुसतं 'सर'ला कळवलंस तरी चालेल.

अण्णा


महबूला
शुक्रवार, ५ मे २०००

चि. कुसुम,

दुसरा फॅक्स पोचला. बढती नाही, अजून 'सर'च. पण या वेळी ओळी बारा आहेत, आणि बाराही वाचून मी चक्रावलो आहे.

तू लिहितेस: हात उजवा. तो खांद्याच्या वर जात नाही. मूठ जाड हवी. वजन कमीत कमी. जॅकेट असं, की उजव्या खांद्यावर भार येऊ नये. उजव्या हाताला मोजा, कारण कातडीला ओरखडासुद्धा चालणार नाही. वारा बहुतेक उजवीकडून. चौदा बायका जाणार, सोबत एक डॉक्टर. पकडलेला मासा परत सोडायचा.

शेवटचं वाचून जीव भांड्यात पडला. शाकाहारी मासेमारी! आप्पांनाही हरकत घेता आली नसती. पण बाकीचं? चौदा बायका, पुरुष एकही नाही, आणि वर डॉक्टर. विजयकुमारांसारख्या नवऱ्याला घरी ठेवून ही कसली मोहीम? बेळगावचा सज्जन माणूस, त्यांना निदान डबे धरायला तरी न्यायचं. आणि ओरखडा चालत नाही म्हणजे काय? करवंदाच्या जाळीत शिरून फ्रॉक फाडून येणारी तू. कॅनडात राहून राजकन्या झालीस.

खांद्याचं मात्र मला कळतं. तो आखडला आहे. मलाही दोन वर्षांपूर्वी झालं होतं, सदऱ्यात हात घालताना ब्रह्मांड आठवायचं. काही नाही, तिळाचं तेल कोमट करून रोज चांगलं रगडून चोळ. खांद्यापासून खाली बोटांपर्यंत, जोर लावून. स्वतःला जमत नसेल तर विजयकुमारांना सांग. तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग.

आता शास्त्रार्थ. वारा म्हणतो, सहा नंबर. तुझा खांदा म्हणतो, चार. दोघांचंही म्हणणं बरोबर असल्यामुळे मी आठवडाभर पेचात होतो. शेवटी एका शुक्रवारी गोडाउनातून सहाची एक आणि चारची एक काठी उचलली, हुकाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधला, आणि महबूलाच्या किनाऱ्यावर गेलो. शमाल, म्हणजे इथला वायव्येचा वारा, सुटला होता. तोंडात रेती. हमीदला सोबत नेलं, कारण त्याच्या सात पिढ्या होडीवर गेल्या. तो वाळूत पाय पसरून बसला, सोललेलं संत्रं खात.

चारची दोरी पुढे टाकली ती माझ्याच गळ्यात आली.

हमीद म्हणाला, "भटजी, जानवं दुसरं घातलं काय?"

सहाची टाकली. ती गेली, पण वारा उजवीकडून, त्यामुळे गोंडा येता येता उजव्या कानफटात बसला. हुक असता तर कान गेला होता.

"वारा बघून सोडायची असते वो दोरी. पंचांग बघून नाय. हात वर कशाला नेताय? आडवा घ्या. वाऱ्याच्या खालून घाला. वर वारा, खाली वाट."

त्याचं ऐकलं. कोपर अंगाशी ठेवलं, हात कमरेच्या उंचीला, आडवा. दोरी वाळूला समांतर गेली आणि सरळ पडली. कुसुम, हात खांद्याच्या वर न्यावाच लागला नाही! तुझा आखडलेला खांदा आणि वारा या दोघांची एकाच वाक्यात सोय झाली. मागे नेल्यावर मात्र थांबायचं. दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे. मला थांबायला जमत नाही हे तू म्हणशील, त्याआधी हमीद म्हणाला.

कानफटाचा प्रश्न उरला. त्यावर विचार चालू आहे. मोज्याचंही बघतो, हमीदची बायको बानू इस्पितळात व्यायाम विभागात कामाला आहे, तिच्याकडे पातळ सुती मोजे असतात.

डॉक्टर कशाला, ते तेवढं लिही. सहज विचारतो.

अण्णा


महबूला
शुक्रवार, २६ मे २०००

कुसुम,

तेल चोळू नकोस. चोळत असशील तर आज थांबव. हे पत्र पोचायला दहा दिवस लागतील म्हणून हेच वाक्य काल फॅक्सनेही पाठवलं आहे. दुकानाच्या कागदावर, एकच ओळ. मालकांनी विचारलं हे काय. मी नंबर फिरवत राहिलो.

मोजे मागायला बुधवारी वर गेलो. बानू भाकऱ्या थापत होती. कसले हवेत ते नीट कळावं म्हणून तुझा फॅक्स वाचून दाखवला, मराठीत करून, मधे माझे विनोद घालत. राजकन्येपर्यंत आलो तोवर तिचा हात परातीत थांबला होता.

"भाऊ, परत वाचा."

परत वाचलं.

"उजवाच हात? ओरखडा चालत नाय असंच लिवलंय?"

"खांदा आखडलाय तिचा," मी म्हटलं. "तेल सांगितलंय."

"तेल नको!" ती एवढ्याने ओरडली की हमीद आतून बाहेर आला. मग हळू आवाजात म्हणाली, "बहीण केवढी तुमची?"

"तेहतीस."

ती उठली, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग सांगितलं. छातीतली गाठ काढतात तेव्हा काखेतलंही काढतात. मग त्या बाजूचा हात सुजतो, वर जात नाही, जड वस्तू नको, चोळायचं नाही, साधं खरचटलं तरी भलतंच होऊन बसतं. त्यांच्या विभागात अशा बायकांना भिंतीला कप्पी लावून दोरी ओढायला देतात. "पुढे मागे, पुढे मागे. हे तुमचं मासे धरायचं तसंच हाय. फक्त पान्यात उभं राहून. चौदा जनी म्हणजे चौदा तशाच."

हमीदने माझ्या हातातला फॅक्स काढून घेतला, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला. तव्यावरची भाकरी करपली.

म्हणून डॉक्टर. म्हणून टाइप केलेलं. आणि ती सही तू डाव्या हाताने केलीस. मी तिला झुरळ म्हटलं.

फॅक्स टाकून काल दिवसभर अर्दियाच्या गोडाउनमध्ये होतो. माल मोजायचा होता. एकेचाळीस काठ्या मी चार वेळा मोजल्या, चार वेळा वेगळ्या भरल्या. शेवटी हमीदने मोजल्या. मला धक्का बसला म्हणणं खोटं होईल. धक्का बसून उतरतो. हा उतरत नाही.

आईचीही गाठच होती. तिने वर्षभर पोटिसं बांधून लपवली, आणि मी रजेवर आलो तोवर उशीर झाला होता. तुझी एम.एस्सी.ची परीक्षा महिन्यावर होती.

तो विषय आज नको, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. आज हवा. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण अकरा दिवाळ्या मी तुला याचा अर्धाच भाग लिहीत आलो.

पहिलं पत्र आईने सांगून लिहवलं. तिला बसवत नव्हतं. 'तिची परीक्षा होईपर्यंत कळवू नको, लिही सर्व ठीक, बाकी नंतर.' मी लिहिलं. तिच्या अक्षरात लिहिलं, तिच्या चुका जपून केल्या. एम.ए. असल्यामुळे चुकासुद्धा बिनचूक झाल्या. तुला संशय आला नाही याचा मला तेव्हा, देवाशपथ, थोडा अभिमान वाटला.

त्यानंतर पाच दिवसांनी ती गेली.

दुसरं पत्र ती गेल्यावर नवव्या दिवशी लिहिलं. दहाव्याची तयारी चालली होती, मी माडीवर बसून लिहीत होतो: 'मी आता उठून बसते. कैरीचं लोणचं घातलं, तुझी बरणी वेगळी ठेवली आहे.' आई सांगून गेली होती, मी फक्त तिचा शब्द पाळला, असं मी तुला दर दिवाळीला लिहिलं. ते खरं नाही. पहिल्या पत्राला तिची आज्ञा होती. दुसऱ्याला नव्हती. ते माझं. तुला कळवायचं धैर्य मला नव्हतं, आणि तिच्या आवाजात लिहिताना ती अजून आहे असं वाटत होतं. लोणचं मी कुठून आणलं मला माहीत नाही, लिहिता लिहिता सुचलं.

परीक्षा संपवून तू आलीस आणि पायरीवरूनच ओरडलीस, "आई, माझी बरणी कुठे आहे?"

मी दार उघडलं होतं. मी बाजूला झालो नाही.

एवढंच. प्रयोजन कळलं. संबंधही कळला.

अण्णा


महबूला
शुक्रवार, १६ जून २०००

चि. कुसुम,

तिसरा फॅक्स काल आला. या वेळी मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला. दोन ओळी: 'पत्रं मिळाली. काठी नक्की कोणती ते सांगा. बाकी नंतर.' खाली नुसता 'के'. 'सर' नाही. 'अण्णा'ही नाही. दोन्हींच्या मधली जागा रिकामी सोडली आहेस, त्याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी हे ठरत नाही. मी तो वाचल्यावर हमीदकडे दिला. त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दोरी मागे गेलीय भटजी. थांबा जरा."

तर काठी. सहाच नंबर, नऊ फुटी. एकमेकांत जोडायचे चारही तुकडे मिळून वजन नव्वद ग्रॅमच्या आत, एकेचाळीसांतली सर्वांत हलकी मी स्वयंपाकघराच्या काट्यावर शोधली. मुठीवर हमीदने बुचाचं आणखी एक कडं बसवून घासून दिलं आहे, आता बोटं पूर्ण आवळावी लागत नाहीत. रील लहान. जॅकेट नको, कमरेला बांधायची पिशवी ठेवली आहे, खांद्यावर काहीच येणार नाही. मोजे बानूचे, सहा जोड. हुकांचे उलटे काटे मी पक्कडीने एकेक दाबून टाकले आहेत. माशाला सोडताना त्रास नाही, आणि तुला चुकून लागलाच तर निघेल. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय दोरी सोडायची नाही.

कानफटाचा प्रश्न सुटला. वारा उजवीकडून येतो ना? मग डाव्या हाताने टाक. माशी वाऱ्याबरोबर डावीकडे जाईल, अंगावर येणारच नाही, आणि उजव्या हाताला नुसती दोरी धरण्यापलीकडे काम नाही. बानू म्हणते उजव्यानेही रोज थोडं टाक, वारा पडलेला असताना, तो खरा व्यायाम. पण वाऱ्यात डावा. नवशिक्याला दोन्ही हात सारखेच नवे असतात. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी किनाऱ्यावर डाव्या हाताने सराव केला, म्हणून सांगतो. पहिला आठवडा हसण्यात जातो. दुसऱ्यात दोरी ऐकायला लागते. महबूलाची पोरं आता मला बघायला जमतात. एकाने विचारलं, "अंकल, व्हॉट आर यू कॅचिंग?" हमीदने परस्पर सांगितलं, "वारा."

पार्सल काल विमानाने गेलं.

विजयकुमारांचा नंबर प्राचीकडून घेतला आहे. दोनदा फिरवला, शेवटच्या आकड्याआधी ठेवून दिला. मला त्यांच्याकडून ऐकायचं नाही. प्राचीला सगळं ठाऊक आहे हे आता मला ठाऊक आहे, पण तिलाही विचारलं नाही. गाठ केव्हा कळली, किती पसरली, पुढे काय सांगितलंय, हे तू सांगावंस. मला ते मागायचा हक्क आहे असं म्हणत नाही. तुझ्याशी मी जे केलं त्यानंतर तू मला काहीही न सांगणं न्यायाला धरून आहे. पूर्वपक्ष तुझा, मी तो मान्य करतो, आणि माझ्याकडे उत्तरपक्ष नाही.

फक्त एक मागणं आहे. यापुढे टाइप करू नकोस. डाव्या हाताने लिही. एक ओळ, एक शब्द, कसाही फराटा. झुरळ म्हणणार नाही. डाव्या हाताच्या नव्या अक्षराची नक्कल कुणाला करता येत नाही, मीसुद्धा तुझी सही समोर ठेवून बसून पाहिलं, जमलं नाही. म्हणजे ते तुझंच आहे हे मला कळेल.

नदीची, वाऱ्याची, सहा नंबरची मला काळजी नाही. तू लिहिलेल्या 'बाकी नंतर'ची आहे, ते आईचे शब्द आहेत. मला भीती वाटते, कुसुम. एक दिवस फॅक्स येईल, त्यात सर्व ठीक असेल, दोरी छान जाते असं लिहिलेलं असेल. तो दुसऱ्याच कुणी टाइप केलेला असेल. आणि मी इथे काउंटरवर बसून, तो तुझाच आहे असं समजून, त्याला लीडर किती फुटी घ्यावा याचं उत्तर लिहीत असेन.

अण्णा